यंत्राची साक्ष आणि माणसाचा शब्द

११ नोव्हेंबर २०१० रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील न्यायालयाने सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या महिलेला १५ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या स्वतः आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या. वेस्ट बायफ्लीट या गावी मिश्रा दांपत्याने २००५ मध्ये दुकानासह टपाल कार्यालय चालवावयास घेतले होते. त्या कार्यालयाच्या हिशेबात ७४ हजार पौंडांची, म्हणजे त्या वेळच्या दराने ५० लाख रुपयांहून अधिक रकमेची तूट निघाली आणि ती रक्कम श्रीमती मिश्रा यांनीच चोरली, असा आरोप ठेवण्यात आला. कार्यालय बंद पडू नये म्हणून हिशेब जुळत नसताना तो जुळल्याचे दाखवले, एवढे त्यांनी मान्य केले होते. चोरी मात्र त्यांनी शेवटपर्यंत नाकारली. ही रक्कम कोठे गेली, कोणत्या खात्यात जमा झाली, कशावर खर्च झाली, याचा एकही धागा फिर्यादी पक्षाला दाखवता आला नाही. आधार एकच होता. संगणक तसे सांगत होता.

स्थानिक वृत्तपत्राने छायाचित्रासह त्यांची बातमी छापली. चार महिने तुरुंगात काढून त्या बाहेर आल्या त्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधूनच, आणि तो पट्टा पायात असतानाच त्यांचे बाळंतपण झाले. पोटात बाळ नसते तर आपण जीव दिला असता, असे त्यांनी पुढे सांगितले. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. चोरी कधी झालीच नव्हती. संगणकावरील आकडाच विश्वासार्ह नव्हता.

ब्रिटनमधील या प्रकरणाची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. २०२४ च्या जानेवारीत तेथील दूरचित्रवाणीवर त्यावरील मालिका झळकली तेव्हा चार ओळींच्या बातम्या आल्या आणि विरल्या. तो दूरदेशीचा एक घोटाळा आहे, असे मानून पान उलटणे सोपे होते. परंतु ज्या देशाने गेल्या दहा-पंधरा वर्षांत धान्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत आणि सातबाऱ्यापासून शाळेच्या हजेरीपर्यंत सारे काही संगणकाच्या स्वाधीन केले, त्या देशातील सुजाण नागरिकाने हे प्रकरण मुळापासून समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते. आपल्या देशात संगणकाचा स्वीकार व्हावा की न व्हावा, हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न एवढाच आहे की संगणकाचे म्हणणे आणि प्रामाणिक माणसाचा शब्द यांत विरोध उभा राहिला, तर सिद्ध कोणी करायचे?

ब्रिटनमधील सब-पोस्टमास्तर हा आपल्या परिचयाचाच माणूस आहे. तो टपाल खात्याचा नोकर नसतो. गावात त्याचे किराणा-भुसाराचे दुकान असते. त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात तो टपाल कार्यालय चालवतो, निवृत्तिवेतन वाटतो, बिले भरून घेतो. गावातील म्हाताऱ्याकोताऱ्यांचा त्याच्यावर विश्वास असतो. कष्टाने पुढे आलेल्या अनेक भारतीय कुटुंबांनी तेथे हा व्यवसाय पत्करला. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९९९ पासून या सर्व कार्यालयांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबप्रणाली बसवली. ही प्रणाली आयसीएल या कंपनीने तयार केली होती. १९६८ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच पुढाकाराने उभी राहिलेली ही कंपनी पुढे जपानच्या फुजित्सूच्या मालकीची झाली. मूळ योजना सरकारी अनुदाने कार्डावरून देण्याची होती. ज्या खात्यासाठी ती आखली, त्या समाजसुरक्षा खात्याने १९९९ मध्ये तिच्यातून अंग काढून घेतले. उरलेला सांगाडा पोस्ट ऑफिसच्या गळ्यात पडला.

थोड्याच दिवसांत ठिकठिकाणच्या कार्यालयांत हिशेबाचा मेळ बसेनासा झाला. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यातील जो हॅमिल्टन यांच्या पडद्यावर एके संध्याकाळी दोन हजार पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतकेंद्राला दूरध्वनी केला. तेथून सांगितले गेल्याप्रमाणे त्यांनी कळा दाबल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. स्कॉटलंडमधील डॅल्मेलिंग्टन येथील २०१५ चा प्रसंग तर संगणकाचे काहीही ज्ञान नसलेल्यालाही समजेल असा आहे. आठ हजार पौंडांची रोकड आल्याची नोंद करताना पडदा गोठल्यासारखा झाला, म्हणून तेथील व्यक्तीने पुन्हा कळ दाबली. पडदा हलेना, म्हणून आणखी दाबली. आत मात्र प्रत्येक वेळी आठ हजार पौंड जमा होत गेले, एकूण चार वेळा. रोकड आली होती आठ हजारांची. हिशेबात आले ३२ हजार. तेथे २४ हजारांची तूट तयार झाली ती अशी. प्रत्यक्षात एक पैही कोणी हलवली नव्हती.

असे दोष कोणत्याही प्रणालीत असतात. संगणकाच्या जाणकाराला त्यात नवल वाटणार नाही. अनर्थ झाला तो दोषाच्या पुढे. दूरध्वनी करणाऱ्या अनेकांना ‘अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच’ असे सांगितले गेले. तूट निघाली की ती करारानुसार सब-पोस्टमास्तरने स्वतःच्या खिशातून भरायची, असा आग्रह धरला गेला. लोकांनी आयुष्यभराची पुंजी ओतली, घरे गहाण टाकली, नातलगांकडून उसने आणले. ज्यांना भरता आले नाही, त्यांच्यावर फौजदारी खटले गुदरले गेले. येथे ब्रिटिश व्यवस्थेतील एक विचित्र गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये पोस्ट ऑफिसला हे खटले स्वतः चालवता येत होते. नुकसान झाले म्हणणारा तोच, तपास करणारा तोच आणि आरोप ठेवणाराही तोच. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरवले गेले आणि त्यांतील बहुतेक खटले पोस्ट ऑफिसनेच चालवलेले होते.

ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी मदतकेंद्राला ९१ वेळा दूरध्वनी केला होता. तूट होती २५ हजार पौंडांच्या आसपास. वकील परवडत नव्हता म्हणून त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. २००७ मध्ये ते दावा हरले, तेव्हा पोस्ट ऑफिसच्या खर्चापोटी ३ लाख २१ हजार पौंडांचा बोजा त्यांच्यावर आला आणि ते दिवाळखोर झाले. वेल्समधील नोएल थॉमस या पोस्टमास्तरांनी आपला साठावा वाढदिवस तुरुंगात काढला. या प्रकरणाच्या चौकशीचे प्रमुख सर विन विल्यम्स यांनी ८ जुलै २०२५ रोजी अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. या छळापायी किमान १३ जणांनी आत्महत्या केल्या असाव्यात, असे त्यात नमूद आहे.

जेथील न्यायपद्धतीचे गोडवे आपल्या इंग्रजीशिक्षित पिढ्यांनी दीडशे वर्षे गायिले, तेथे हे घडले. कसे घडले? याचे उत्तर एका कायद्यात आहे. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे इंग्लंडमध्ये संगणकाची नोंद पुराव्यात आणायची तर तो संगणक नीट चालत होता, हे आणणाऱ्याने दाखवावे लागे. हे फार कटकटीचे आहे, अशी ओरड झाली. १९९७ मध्ये तेथील विधी आयोगाने हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली, १९९९ च्या कायद्याने ते निघाले आणि २००० पासून न्यायालये संगणक नीटच चालतो असे गृहीत धरू लागली. तसे नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर आले. खेड्यातल्या दुकानदाराने ते कशाच्या बळावर सिद्ध करावे? प्रणालीच्या आत काय आहे, हे पाहण्याचा अधिकार त्याला नाही. फुजित्सूकडे ज्ञात दोषांची एक नोंदवही होती. ती दाखवण्याची वेळ आली तेव्हा पोस्ट ऑफिसने आढेवेढे घेतले. सब-पोस्टमास्तरला कळू न देता दूरवरून त्याच्या हिशेबात बदल करता येतात, ही गोष्ट वर्षानुवर्षे नाकारली गेली आणि शेवटी खरी निघाली. होरायझन गावोगावी पोहोचत होते नेमक्या त्याच काळात न्यायालयाच्या दारावरचा पहारेकरी काढून घेतला गेला होता.

आणखी एक गोष्ट आम्हाला मुद्दाम नोंदवावीशी वाटते. संशयितांची माहिती भरताना तपासनीसांनी त्यांचे वंशानुसार वर्गीकरण करावे, अशी पोस्ट ऑफिसची एक मार्गदर्शिका होती आणि त्यातील शब्द वसाहतकाळातील गोऱ्या साहेबाच्या तोंडी शोभावेत असे होते. २०२३ मध्ये ती उजेडात आली तेव्हा पोस्ट ऑफिसने क्षमा मागितली. यंत्र जात-वंश पाहत नाही, असे सांगितले जाते. यंत्रामागे बसलेला माणूस मात्र पाहत असतो. सीमा मिश्रा यांना २०२५ च्या नववर्षदिनी ब्रिटिश राजाने जो किताब दिला, त्याच्या नावात ‘ब्रिटिश साम्राज्य’ हे शब्द अद्याप आहेत, हेही जाता जाता.

या अंधारात दिवा लावला तो माणसांनीच. लॅन्डिड्नो येथील अ‍ॅलन बेट्स या सब-पोस्टमास्तरने तूट भरण्यास नकार दिला, म्हणून २००३ मध्ये त्याचे कार्यालय काढून घेण्यात आले. तो गप्प बसला नाही. २००९ मध्ये ‘कम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात जणांची हकिकत छापली. थोर वृत्तपत्रांनी तोवर या विषयाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, हे आमच्यासारख्या साप्ताहिकवाल्यांना सुखावणारे आहे. त्याच वर्षी फेनी कॉम्प्टन या खेड्याच्या सभागृहात हे पीडित पहिल्यांदा एकत्र जमले. ‘तुम्ही एकटेच’ हे वाक्य तेथे बसलेल्यांना परस्परांच्या तोंडून ऐकायला मिळाले आणि त्याच क्षणी ते खोटे ठरले. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल देताना पोस्ट ऑफिसच्या भूमिकेची तुलना पृथ्वी सपाट आहे असे म्हणत राहण्याशी केली. तडजोडीची रक्कम पावणेसहा कोटी पौंडांहून अधिक होती. तीतून दाव्याचा खर्च वजा जाता प्रत्येकाच्या हाती सरासरी २० हजार पौंड आले. अखेर मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

जो हॅमिल्टन यांच्या गावाची कथा या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. ३६ हजार पौंडांची तूट अंगावर आली, तुरुंग टळावा म्हणून त्यांनी खोटा हिशेब दाखवल्याचा आरोप कबूल केला. गावकऱ्यांनी काय करावे? त्यांनी वर्गणी काढून पैसे उभे केले आणि शिक्षेच्या दिवशी ते न्यायालयात जाऊन बसले. त्यांना संगणकातले काही कळत नव्हते. बाईंना मात्र ते ओळखत होते. मोठमोठ्या वकिलांना, अभियंत्यांना आणि अधिकाऱ्यांना जे कळले नाही, ते एका खेड्याला कळले.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे झाला आहे. न्यायदर्शनाने जी चार प्रमाणे मानली, त्यांत शब्द हे एक. परंतु कोणाचाही शब्द प्रमाण होत नाही. आप्ताचा शब्द प्रमाण होतो. आप्त कोण? ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. भाष्यकारांनी पुढे असेही म्हटले आहे की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तत्व कुळावर ठरत नाही, ज्ञानावर आणि सचोटीवर ठरते. या कसोटीवर संगणक घासून पाहावा. त्याने काही जाणलेले नसते. कोणीतरी भरलेले, कोणीतरी लिहिलेल्या सूत्रांनी फिरवलेले आकडे तो पुढे ठेवतो. सांगण्याची इच्छा त्याला नाही आणि खोटे सांगितल्याची लाजही नाही. म्हणून संगणकाची नोंद ही स्वतंत्र साक्ष नसते. ती भरणाऱ्याचे, ती प्रणाली लिहिणाऱ्याचे आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे ते म्हणणे असते. त्यांना पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागले पाहिजे. होरायझन प्रकरणात हे टळले आणि यंत्राला आप्ताचे आसन दिले गेले.

आता आपल्या घराकडे वळू. अभिमानाने सांगावे असे प्रथम सांगतो. इंग्लंडने जी सावधगिरी टाकून दिली, ती भारतीय कायद्याने टिकवून धरली. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात जे कलम ६५ ब आले, त्यात संगणक त्या काळात योग्य रीतीने चालत होता, ही अट होती आणि जबाबदार व्यक्तीच्या प्रमाणपत्राची अट होती. या प्रमाणपत्राबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून निघाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी अर्ज मुदतीत भरला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रफितींवर येऊन ठेपला आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने मूळ उपकरणच सादर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट कायम ठेवली आणि तज्ज्ञाच्या स्वाक्षरीची भर घातली.

हे चांगलेच झाले. परंतु समाधान मानण्याआधी थोडे खोल पाहावे. नव्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ नावाचा एक आकडा द्यावा लागतो. तो फाइलच्या बोटांच्या ठशासारखा असतो, फाइलमधील एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. न्यायालयात आलेली प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते, हे त्यावरून कळते. मूळ फाइलमधील मजकूर खरा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. डॅल्मेलिंग्टनच्या ३२ हजार पौंडांच्या नोंदीचाही हॅश अगदी निर्दोष निघाला असता. प्रत खरी आणि आशय खोटा, असे होऊ शकते. आणि व्यवहारात या प्रमाणपत्रावर सही कोण करतो? बहुधा असा अधिकारी, ज्याने ती प्रणाली आतून कधी पाहिलेली नसते.

आणि हे झाले न्यायालयापुरते. सामान्य माणसाचा संगणकाशी वाद न्यायालयात होतच नाही. तो रेशनच्या दुकानात होतो, बँकेच्या खिडकीपाशी होतो, तहसीलच्या व्हरांड्यात होतो. तेथे साक्ष्य अधिनियम नाही, वकील नाही, अपील नाही. तेथे एक वाक्य आहे, ‘सिस्टिम घेत नाही.’ आमच्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका हयातीचा दाखला देण्यासाठी एका बँकेत गेल्या. वयाने बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्राने तीनदा नकार दिला. ‘मी तुमच्यापुढे उभी आहे ना?’ असे त्यांनी विचारले. पलीकडचा तरुण सुस्वभावी होता, त्याला वाईटही वाटले. पण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता. बाई हसून घरी आल्या. निवृत्तिवेतन आणि मुलांचा आधार असलेल्या माणसाला हसता येते.

ऊसतोड करणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या, आयुष्यभर भांडी घासणाऱ्या हातांची गोष्ट वेगळी आहे. श्रमाने ज्यांच्या बोटांवरचे ठसे झिजले, त्यांनाच स्वस्त धान्याची गरज सर्वाधिक असते आणि त्यांचाच अंगठा यंत्रावर उठत नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. दुर्बलातल्या दुर्बलाला ओळख मिळावी, हा त्यामागील हेतू होता आणि कोट्यवधींना ती मिळालीही. मधल्या दलालांची साखळी तुटली, थेट खात्यात पैसे येऊ लागले, बोगस शिधापत्रिका उघड झाल्या. हे नाकारणारा माणूस जुन्या काळच्या रेशन दुकानाच्या रांगेत कधी उभा राहिलेला नसावा. परंतु २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आधार प्राधिकरणानेच जी माहिती मांडली, तीनुसार सरकारी सेवांसाठी ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के होते. ओळख न पटणे म्हणजे लाभ नाकारणे नव्हे, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते आणि नियमानुसार ते बरोबरच आहे. नियम आणि दुकानाची पायरी यांच्यातील अंतर मात्र नियम करणाऱ्यांना मोजता येत नाही.

तेलंगणातील अनुभव याहून बोलका आहे. तेथे वेगवेगळ्या सरकारी नोंदी संगणकाने परस्परांशी ताडून अपात्र कुटुंबे शोधण्याची पद्धत सुरू झाली आणि घरी जाऊन शहानिशा न करता शिधापत्रिका रद्द झाल्या. रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. नावातील साधर्म्यामुळे दुसऱ्याची मोटार आपल्या नावावर चढली, तर ती आपली नाही हे गरिबाने कसे सिद्ध करावे? ‘नसणे’ सिद्ध करण्याइतके अवघड काम दुसरे नाही. सब-पोस्टमास्तरांपुढे उभा होता तो हाच प्रश्न.

होरायझन ही तर साध्या बेरीज-वजाबाकीची प्रणाली होती. निदान तिच्या आत शिरून चूक कोठे झाली, हे जाणकाराला दाखवता तरी आले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या प्रणाली कर्ज कोणाला द्यावे, नोकरीच्या अर्जांतून कोणाला बोलवावे, कोणाच्या व्यवहारावर संशय घ्यावा हे ठरवू लागल्या आहेत, त्यांनी अमुक निष्कर्ष का काढला, हे त्या घडवणाऱ्यांनाही पुष्कळदा नेमके सांगता येत नाही.

आपल्या विचारपरिवाराला हा विषय नवा नाही. १९८० च्या दशकात बँकांच्या संगणकीकरणाला भारतीय मजदूर संघाने विरोध केला, तेव्हा दत्तोपंत ठेंगडींना कालबाह्य म्हणून हिणवले गेले. रोजगाराविषयीचे त्या वेळचे सगळेच अंदाज खरे ठरले असे नाही आणि तसे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु यंत्र माणसासाठी आहे की माणूस यंत्रासाठी, हा त्यांचा मूळ प्रश्न जागचा हललेला नाही. पं. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर व्याख्याने दिली, तेव्हा विश्वेश्वरय्यांचा आधार घेऊन त्यांनी हेच मांडले होते की यंत्राचा विचार माणूस, साहित्य, बाजारपेठ या साऱ्यांच्या संदर्भात व्हावा. यंत्र स्वतंत्रपणे ठरवून बाकीचे त्याच्या मापाने कापायचे नसते. आज प्रणाली आधी ठरते आणि ज्याचा अंगठा तिच्यात बसत नाही, त्याला कापले जाते. प्रणाली स्वदेशी आहे, एवढ्यावरून हे क्षम्य ठरू नये. होरायझन लिहिणारी कंपनीही मूळची त्यांची स्वदेशीच होती.

सरकार आपल्या विचारांचे असो वा नसो, काही गोष्टी त्याला स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. संगणकाच्या नोंदीवरून एखाद्यावर अपहाराचा आरोप ठेवायचा असेल, तर त्या प्रणालीच्या ज्ञात दोषांची नोंदवही फिर्यादीसोबतच आरोपीच्या हाती पडली पाहिजे. आपल्या दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयांपैकी बहुसंख्य खेड्यापाड्यांत आहेत आणि तेथे बसलेला ग्रामीण डाकसेवक हा त्या ब्रिटिश सब-पोस्टमास्तरचाच भाऊबंद आहे. त्याच्या हाती उपकरण देताना त्याच्या पाठीशी हे संरक्षणही असावे. हीच गोष्ट सहकारी पतसंस्थेच्या रोखपालाची, शाळेच्या लिपिकाची आणि स्वस्त धान्य दुकानदाराची. कोणताही लाभ केवळ संगणकीय जुळवणीवरून बंद करण्यापूर्वी एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या दारी जाऊन पाहिले पाहिजे. आणि खिडकीपलीकडे बसलेल्या त्या सुस्वभावी तरुणाला ‘यंत्र नाही म्हणते, पण मी पाहतो आहे’ असे लिहून सही करण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. त्या सहीपायी त्याच्यावर चौकशी लागणार नाही, एवढी हमीही त्याला मिळाली पाहिजे. ब्रिटनने २०२५ च्या जानेवारीत संगणक-पुराव्याच्या त्या गृहीतकाचा फेरविचार हाती घेतला, तो २५ वर्षांनी आणि एवढी किंमत मोजून. आपल्याला तितका काळ दवडण्याचे कारण नाही.

बाकी पुष्कळ काम कायद्याची वाट न पाहता होण्याजोगे आहे. अंगठा उठला नाही म्हणून कोणाचेही धान्य नाकारू नये, इतर ओळखीवर ते द्यावे आणि अशा अपवादांची स्वतंत्र नोंद ठेवावी, अशा सूचना केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच दिल्या आहेत. सेवावस्तीत नियमित जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी या महिन्यात आपल्या भागातील स्वस्त धान्य दुकानात जाऊन ती अपवादांची वही पाहावयास मागावी. वही नसेल, तर का नाही हे विचारावे. वही असून कोरी असेल, तर वस्तीतील चार म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन पुन्हा जावे आणि त्यांचे अंगठे यंत्रावर उठतात की नाही, हे तेथे उभे राहून पाहावे.